पुसलेली मतं

१

शुक्रवारी सकाळी प्राचार्य गोरक्षकरांच्या खोलीत अभ्यासक्रम समितीचे सदस्य टेबलाभोवती बसले होते. मधोमध ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमधून नुसती घरघर ऐकू येत होती.

"आवाज वाढवा," एक सदस्य म्हणाले.

गोरक्षकरांनी आवाज वाढवला. घरघर मोठी झाली. कुठेतरी एक कावळा ओरडला आणि पुन्हा घरघर. त्यांनी कॅसेट पुढे ढकलली, थांबवली, पुन्हा लावली. तेच. शेवटी त्यांनी बटण बंद केलं आणि खिडकीजवळ उभ्या असलेल्या मृणालिनी वागळेंकडे पाहिलं.

"बाई, टेप कोरी आहे."

मृणालिनीबाई परळच्या त्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. भाषा प्रयोगशाळा, म्हणजे टेपरेकॉर्डर आणि काही हेडफोन ठेवलेली एक लांबट खोली, त्यांच्याच ताब्यात असे. शेवटच्या वर्षाच्या सात मुलांनी त्या खोलीत एकेकट्याने जाऊन, दार लावून, एका विषयाबद्दल आणि तो शिकवणाऱ्या प्राध्यापकाबद्दल आपलं मत टेपवर बोलायचं, असं ठरलं होतं. कागदावर लिहून घेतलं की मुलं एकमेकांचं बघून उतरवतात, म्हणून ही कल्पना.

विषय होता 'अभियंता आणि नीती'. आदल्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला, त्यानंतर समितीने घाईघाईने हा विषय एका सत्रापुरता सुरू केला होता. शिकवायला मिळाले गंगाधर पाठारे. लालबागच्या एका मिलमध्ये त्यांनी उभी हयात यंत्रांची देखभाल केली होती. संपानंतर मिलचं दार उघडलंच नाही आणि पाठारे घरी बसले ते या नोकरीपर्यंत. विषय पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मुलांच्या मतांवर ठरायचं होतं.

"काल संध्याकाळी कॅसेट कपाटात ठेवून मीच कुलूप लावलं," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आज सकाळी मीच उघडलं."

"त्या कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे. दुसरी..." त्या थांबल्या. "दुसरी पाठारेसरांकडे. त्यांचे तक्ते त्याच कपाटात असतात."

सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं.

"मला नवल वाटत नाही," गोरक्षकर म्हणाले. "काल दुपारी मीच त्यांना इथे बसवून सांगितलं की मुलांचं मत विरुद्ध गेलं तर मी काही करू शकणार नाही. बाहेर परेडचा गोंगाट, खिडकी लावून घेऊन बोलत होतो. पांढरेफटक पडले. आणि आज टेप कोरी!"

पाठाऱ्यांना बोलावण्यात आलं. उंच, किंचित वाकलेले, इस्त्री केलेल्या पण कॉलर झिजलेल्या सदऱ्यातले पाठारे दारात उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही पुसलीत?"

पाठाऱ्यांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी याबद्दल काही बोलणार नाही."

"म्हणजे नाकारत नाही?"

"बोलणार नाही, एवढंच म्हणालो."

"सोमवारी समिती पुन्हा बसेल," गोरक्षकर म्हणाले. "तोवर खुलासा आला नाही, तर मी विद्यापीठाला कळवीन. नीतीच्या प्राध्यापकाने पुरावा नष्ट केला म्हणून. मग या शहरात कुठलंही कॉलेज तुम्हाला उभं करणार नाही."

पाठाऱ्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

मृणालिनीबाईंना राहून राहून एकच वाटत होतं. हा माणूस अपराधी दिसत नव्हता. कुणाची तरी वस्तू हातात धरून उभ्या असलेल्या माणसासारखा दिसत होता.

२

मृणालिनीबाईंनी चौकशी आपल्याकडे मागून घेतली. दोनांतली एक किल्ली त्यांची होती, तेव्हा संशय त्यांच्यावरही होताच. पण खरं कारण वेगळं होतं. सोमवारपर्यंत त्यांना करायला दुसरं काही नव्हतं. आई गेल्यापासून गिरगावातल्या मुगभाटातली ती खोली संध्याकाळी उघडताना त्यांचा हात कुलपावर थोडा जास्तच वेळ राहायचा.

पाठारे त्यांना स्टाफरूममध्ये सापडले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून डबा खात होते. डब्यात नुसता भात आणि लोणचं.

"सर, एकच विचारते. टेपवर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही." त्यांनी घास खाली ठेवला. "ऐकायची फार इच्छा होती, वागळेबाई. मिलमध्ये इतकी वर्षं काढली. मी कसं काम करतो, बरं की वाईट, कुणी सांगितलं नाही. यंत्र चाललं की कुणी इंजिनियरची आठवण काढत नाही. बंद पडलं की शिव्या. इथे पहिल्यांदाच कुणीतरी मुद्दाम बसून माझ्याबद्दल बोलणार होतं. वाईट बोलले असते तरी मी ऐकलं असतं."

"मग ती तुम्ही पुसली नाहीत."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ते मी म्हटलेलं नाही."

"तुम्हाला कुणी पुसली ते माहीत आहे."

पाठारे उठले, डबा पिशवीत घातला आणि तासाला जायचं आहे असं पुटपुटले. त्या दिवशी त्यांना तासच नव्हता.

३

सातांपैकी चौघे गुरुवारी सकाळीच ठाण्याला कारखाना पाहायला गेले होते आणि अजून परतले नव्हते. उरले तिघे.

नलू प्रधान ग्रंथालयात भेटली. दादरच्या हिंदू कॉलनीत राहणारी, वर्गात पहिली येणारी, बोलायला फटकळ.

"मॅडम, टेपवर बोलले ते मी तुमच्या तोंडावर पुन्हा बोलते. विषय फालतू आहे. सर एक प्रश्न टाकतात. समजा, तुम्ही इमारतीची लिफ्ट तपासली. दोर थोडा झिजलाय. बदलायचा तर महिनाभर लिफ्ट बंद, आणि पाचव्या मजल्यावर एक आजारी म्हातारी राहते. तुम्ही सही कराल? अर्धा वर्ग हो म्हणतो, अर्धा नाही म्हणतो. सर म्हणतात, बरं. आणि तास संपतो! आता परीक्षेत मी काय लिहू? 'बरं'?"

मृणालिनीबाईंना हसू आलं. "आणि सर?"

"सर सज्जन आहेत. पण सज्जनपणाला मार्क नसतात ना." नलूने वही मिटली. "एक सांगू? सरांवर खरा राग कांता परबचा आहे. तिचे वडील सरांच्याच मिलमध्ये होते. जानेवारीत तिने भर वर्गात विचारलं, 'सर, संप चालू असताना तुम्ही रोज मिलमध्ये जात होतात, हे खरं का?' सरांनी उत्तर दिलं नाही. खडू झटकत उभे राहिले. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर बसते."

दत्तू वरळीकर मैदानाच्या कडेला बुटांना पॉलिश करत बसला होता. वरळी कोळीवाड्यातला, खांद्याने रुंद, एनसीसीतला मोठा हुद्देदार. बुधवारी बाकीचे टेपवर बोलले, तेव्हा घरच्या होडीचं काम निघाल्यामुळे तो आला नव्हता. त्याने आपलं मत गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत नोंदवलं. सगळ्यांत शेवटी.

"म्हणजे टेपपाशी शेवटचा तू होतास."

"मॅडम, आईशप्पथ, मी फक्त बोललो आणि बटण बंद केलं. काही चुकलं का माझ्याकडून?" तो घाबरला होता. "आपल्याला त्या मशिनचं काही कळत नाय."

"टेपवर काय बोललास?"

दत्तूने बूट खाली ठेवला. "खरं सांगू? बोललो की सर शिकवतात तेव्हा झोप येते. आणि वर्गाबाहेर पडल्यावर झोप उडते. परवा काकाने होडीच्या इंजिनाची टाकी जोडून आणली. मला बोलला, तू इंजिनियर ना, बघ आणि ओके बोल. एरवी बोललो असतो. त्या दिवशी तोंडातून ओके निघेचना. काका अजून बोलत नाय माझ्याशी." त्याने बूट पुन्हा उचलला. "सरांना काढू नका असं बोललो मी. तुम्ही ऐकलं असतं तर कळलं असतं."

कांता परब जिन्याच्या पायरीवर एकटीच बसली होती. बारीक, सावळी, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरलेली. नलूने सांगितलेला राग तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

"पाठारेसरांबद्दल तुला काय वाटतं?"

"सर फार चांगले आहेत, मॅडम." ती भराभर बोलली. "मिलच्या ब्लीचिंग खात्यात क्लोरीनचे सिलिंडर होते. रोज एकटं जाऊन त्यांच्यापाशी बसायला दुसरं कोण तयार झालं असतं? आणि बाहेर पडल्यावर कुणाला एक शब्द सांगितला नाही. असा माणूस टेप कशाला पुसेल? तुम्ही समितीला सांगा ना."

"मग कुणी पुसली असेल?"

कांताने मान खाली घातली. "मला नाही माहीत."

४

संध्याकाळी कॉलेज रिकामं झाल्यावर मृणालिनीबाईंनी ती कोरी कॅसेट पुन्हा लावली. समितीने चार-दोन मिनिटं ऐकून सोडून दिलं होतं. त्यांनी हेडफोन चढवले आणि अगदी सुरुवातीपासून ऐकायचं ठरवलं. घरी जाऊन तरी कुणाचा आवाज ऐकायचा होता?

कॅसेट पुसायची म्हणजे तिच्यावर पुन्हा काहीतरी भरावं लागतं. पुसणाऱ्याने टेप सुरुवातीपर्यंत मागे नेली होती, म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं. मग लाल बटण दाबून तो गप्प बसला होता. पण मशिनला माईक होता. माणूस गप्प बसला तरी खोली गप्प बसत नाही.

पंख्याची घरघर. कावळा. लांबून हातगाडीची चाकं. मग बराच वेळ काही नाही. मृणालिनीबाईंना वाटलं, आपण एका अनोळखी माणसाशेजारी बसलो आहोत. त्या माणसाने एकदा नाक ओढलं. पुन्हा ओढलं. तो रडत होता, की त्याला सर्दी झाली होती?

आणि मग लांबून भोंगा वाजला.

त्या ताठ बसल्या. आजूबाजूच्या गिरण्या बहुतेक मुक्या झाल्या होत्या. परळमधली एकच पुन्हा सुरू झाली होती, तीही अर्धवट. पहाटे एक पाळी भरायची आणि दुपारी दुसरी, तेवढाच भोंगा. रात्रीची पाळी अजून नव्हती.

भोंगा विरला आणि त्याच्यामागून एक खणखणीत आवाज आला. "परेड, सावधान!" पाठोपाठ बुटांचा एकदम आपटल्याचा आवाज.

मृणालिनीबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

एनसीसीची परेड फक्त गुरुवारी दुपारी व्हायची. म्हणजे टेप रात्री कपाटातून काढून कुणी पुसलीच नव्हती. गुरुवारी दुपारी ती उघड्या खोलीत, मशिनमध्येच होती, तेव्हा पुसली गेली. संध्याकाळी त्यांनी जी कॅसेट कुलपात ठेवली, ती आधीच कोरी होती. दोन किल्ल्यांचा सगळा हिशेबच चुकीचा होता.

आणि परेड चालू असताना पाठारे कुठे होते? प्राचार्यांच्या खोलीत, खिडकी लावून, खुद्द गोरक्षकरांसमोर. दोघेही एकमेकांचे साक्षीदार.

'सावधान' म्हणणारा तो आवाज दत्तू वरळीकरचा होता. म्हणजे दत्तूही सुटला.

५

शनिवारी सकाळी मृणालिनीबाई गिरगावातून नलूकडे जायला निघाल्या तेव्हा उत्तर जवळपास त्यांच्या हातात होतं. जवळपासच. नाक ओढणारा माणूस कोण हे टेप सांगत नव्हती.

नलूचं काय? नलूला विषय नको होता. तिचं मत टेपवर राहण्यातच तिचा फायदा होता. पुसून ती स्वतःचंच नुकसान करून घेईल कशाला? उलट, सर ज्याला हवे होते त्याचंही तेच. सर हवेत म्हणणारा आपली साक्ष जपेल, सर नकोत म्हणणाराही जपेल. मग टेप पुसायची गरज कुणाला?

दादरला बसमधून उतरताना त्यांच्या लक्षात आलं. ज्याने बोलताना एक मत दिलं आणि नंतर ज्याचं मत बदललं, त्याला.

त्या नलूच्या घरी गेल्या. दारातच त्यांनी विचारलं, "सरांनी वर्गात कधी मिलमधल्या क्लोरीनची गोष्ट सांगितली होती? ब्लीचिंग खात्यातली?"

"कधीच नाही," नलू म्हणाली. "भोपाळवर तीन तास बोलले, पण स्वतःच्या मिलचं नाव काढलं नाही. का हो?"

"काही नाही. कांता शेवटच्या बाकावर कधीपर्यंत बसत होती?"

"मंगळवारपर्यंत. तोच शेवटचा तास झाला."

मंगळवारी राग होता. बुधवारी टेपवर बोलणं झालं. शुक्रवारी तीच मुलगी, सरांनी वर्गात कधीच न सांगितलेली गोष्ट भराभर सांगत होती. मध्ये कुणीतरी तिला ती सांगितली होती.

मृणालिनीबाई तशाच लालबागला गेल्या.

६

परबांची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. गॅलरीतून समोरच मिलची मागची भिंत दिसे, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. धोंडू परब दारात स्टुलावर बसून पाकिटांवर डिंक लावत होते. संपानंतर घरात तेवढंच काम येत होतं. कांता आतून बाहेर आली, मृणालिनीबाईंना पाहिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बसा, बाई," धोंडू लेकीकडे बघत म्हणाले. "चेडवान काय केल्यान?"

"काही नाही. पाठारेसरांबद्दल विचारायचं होतं."

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यांनी ब्रश वाटीत ठेवला.

"मिया गेटार होतंय, बाई. संपात, कोणाक आत सोडूचा नाय म्हणान. रोज सकाळी सायब येत, लोका तेंच्या अंगार थुकत. सायब रुमालान पुसत आणि आत जात. एक दिस मिया विचारलंय, सायबानू, आत यंत्रा बंद आसत, तुमी कित्याक येतास? तर म्हणाले, 'धोंडू, ब्लीचिंगात क्लोरीनचे सिलिंडर पडलेत. मालक उचलत नाहीत. त्यांचे व्हॉल्व्ह गंजले तर वारा तुमच्या चाळीकडे आहे. मी रोज बघून जातो. कुणाला सांगू नकोस, लोक घाबरून पळतील आणि चेंगरतील.'" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ह्या भितीच्या पलीकडे होते ते."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"खंय सांगतलंय? सायबाक सोडतंस म्हणान माकाच लोकांनी भायर काढल्यानी असतां. तोंड शिवून गप रवलंय. घरात पण नाय सांगलंय." ते लेकीकडे पाहत म्हणाले, "ह्या चेडू बुधवारी घराक इला आणि खुशीत म्हणाला, बाबा, आज त्या पाठारेक बरो धडो शिकवलंय. तेवा माझ्यान रवला नाय, सगळा सांगलंय."

कांता खाली बसली. तिने पदरात तोंड घातलं नाही, रडलीही नाही. सरळ मृणालिनीबाईंकडे पाहून म्हणाली, "मॅडम, मीच पुसली."

"मला कळलं होतं."

"माझं एकटीचंच पुसायचं होतं. पण माझं कुठे आहे ते शोधायला टेप वाजवायला लागली असती. हेडफोन कपाटात. बाहेर आवाज गेला असता. म्हणून सगळीच पुसली. वाटलं, मशिन बिघडलं म्हणतील, पुन्हा सगळ्यांना बोलायला लावतील. सरांवर येईल असं डोक्यातच आलं नाही." तिने डिंकाच्या वाटीकडे पाहिलं. "शुक्रवारी सांगणार होते. पण कॉलेजातून काढलं तर? बाबा दिवसभर हा डिंक लावतात तो माझ्या फीसाठी."

मृणालिनीबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"मी समितीला सांगणार आहे की टेप गुरुवारी दुपारी पुसली गेली," त्या म्हणाल्या. "सर सुटतील. कुणी पुसली, हे मला विचारलं तर मला ठाऊक आहे असं मी सांगेन, पण नाव घेणार नाही. ते तुझ्याकडे राहू दे."

उतरताना जिन्यात त्यांना धोंडूंचा आवाज ऐकू आला. ते लेकीला काहीतरी समजावत होते, मग लेक त्यांना. मुगभाटातल्या खोलीत असं दुहेरी बोलणं ऐकून त्यांना वर्ष होत आलं होतं.

७

सोमवारी समितीसमोर मृणालिनीबाईंनी टेप लावली. भोंगा वाजला. दत्तूचा आवाज आला. गोरक्षकरांनी चष्मा काढला.

"परेड," ते म्हणाले. "तेव्हा पाठारे माझ्यासमोर बसले होते."

"हो, सर."

"मग कोणी..."

दार उघडलं. कांता परब आत आली. परवानगी विचारायची ती विसरली होती. बाहेर बाकावर बसलेले पाठारेही उठून तिच्या मागोमाग दारात आले. "परब, तू वर्गात जा," ते म्हणाले. आजवर कुणी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"नाही सर." ती समितीकडे वळली. "मी पुसली."

गोरक्षकरांचा चेहरा कठोर झाला. "असं काय बोलली होतीस, की पुसावं लागलं?"

कांताने एकदा पाठाऱ्यांकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहत, पाठ केल्यासारखं म्हणाली, "मी बोलले होते की, आमच्या बापांच्या समोरून जो माणूस संपात मिलच्या गेटात शिरला, त्याच्याकडून मला नीती शिकायची नाही. त्यांना काढा. ते इथे पगारासाठी आलेत, तिथेही पगारासाठीच गेले होते." तिने भिंतीवरून नजर काढली. "हे खोटं आहे. ते आमच्या चाळीसाठी जात होते. मला तेव्हा माहीत नव्हतं."

पाठारे हळू पुढे आले.

"ते सगळंच खोटं नाही," ते म्हणाले. "मी आत जात होतो, हे खरं आहे. मालकांनी त्याचा फायदा घेतला. 'अधिकारी कामावर आहेत' असं सांगत फिरले. त्याने संपवाल्यांचं नुकसान झालं. ते मला दिसत होतं आणि तरी मी जात राहिलो, कारण सिलिंडर सोडून घरी बसणं मला जमेना. बरोबर काय होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परब, तुझी दोन्ही मतं मी ठेवून घेतो."

दुपारपर्यंत बाकीच्या मुलांना बोलावून पुन्हा मतं घेतली गेली. या वेळी पाठाऱ्यांसमोर, तोंडी. नलूने लिफ्टची गोष्ट सांगितली आणि विषय निरुपयोगी आहे असं ठासून म्हणाली. दत्तूने झोपेची गोष्ट सांगितली. ठाण्याहून परतलेल्या चौघांपैकी दोघांना विषय हवा होता, दोघांना नको. पाठारे खुर्चीच्या टोकावर पुढे झुकून एकेक शब्द ऐकत होते.

संध्याकाळी निकाल लागला. पाठाऱ्यांवरचा आरोप मागे घेतला. कांताचा निकाल एक सत्र रोखून धरायचा, तिला कॉलेजातून काढायचं नाही. विषय मात्र बंद. पुरेशी मुलं नाहीत आणि वेळापत्रकात जागा नाही, असं कारण लिहिलं गेलं.

पाठारे आपले तक्ते गुंडाळून पायऱ्या उतरत होते, तेव्हा मृणालिनीबाईंनी त्यांना गाठलं. दोघं फाटकापर्यंत बरोबर चालले. रस्त्यावर ऊन उतरलं होतं आणि फुलवाल्या टोपल्या आवरत होत्या.

"सर, एक कोडं मला सुटलं नाही."

"कुठलं?"

"गुरुवारी प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडताना तुम्ही कांताला पाहिलंत. होय ना?"

"हो. प्रयोगशाळेतून बाहेर येत होती. शुक्रवारी टेप कोरी असल्याचं ऐकलं तेव्हा मला सगळं कळलं."

"मग बोलला का नाहीत? तिला वाचवायचं होतं, हे मला पटत नाही. वर्गात तुम्हीच सांगता की दुसऱ्याची चूक झाकली की ती वाढते. आणि तुम्ही स्वतः गप्प राहिलात. नोकरी, नाव, सगळं पणाला लावून. ही कुठली नीती?"

पाठारे फाटकाशी उभे राहिले. तक्त्यांची गुंडाळी त्यांनी या काखेतून त्या काखेत घेतली.

"नीती नव्हेच ती, वागळेबाई. माझं चुकलंच. एखाद्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी 'बरं' म्हणून सोडलंही नसतं." ते रस्त्याकडे पाहत राहिले. "त्या दिवशी ती रडत बाहेर आली. मला पाहून थबकली. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पळून गेली. शुक्रवारी लक्षात आलं की ती माझ्यासाठी रडत होती. बायको गेली त्यानंतर माझ्यासाठी कुणी रडलेलं मी पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे असू द्यावंसं वाटलं. सांगितलं असतं तर त्या रडण्याचा नुसता पुरावा झाला असता."

शीवला जाणारी बस आली. पाठाऱ्यांनी त्यांना नमस्कार केला, गुंडाळी सांभाळत वर चढले आणि खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.

बस दिसेनाशी झाल्यावरही मृणालिनीबाई फाटकाशीच उभ्या होत्या. आई गेली त्या दिवशी त्यांच्या शेजारी कोण रडलं होतं, ते त्या आठवून पाहत होत्या.